उपदेशक की कैवारी?

‘समुपदेशन’ हा शब्द मराठीत आता चांगलाच रुळला आहे. शाळा-महाविद्यालयांत समुपदेशक असतात, कुटुंब न्यायालयांत असतात, आणि परीक्षांचे निकाल जवळ आले की वृत्तपत्रांतून त्यांचे सल्ले छापून येतात. तरीही भाषा शिकवणाऱ्याला खटकावी अशी एक गोष्ट या शब्दाच्या पोटात आहे. त्यात ‘उपदेश’ आहे. आणि या व्यवसायाचा पहिला धडा असा, की समोरच्याला उपदेश करू नये. त्याचे ऐकावे, त्याला बोलू द्यावे, त्याचा निर्णय त्याला घेऊ द्यावा. मूळ इंग्रजी संज्ञेसाठी प्रतिशब्द घडवताना आपण नेमका तोच अर्थ आत घेतला, जो बाहेर ठेवायला हवा होता.

मराठी ख्रिस्ती परंपरेकडे वळले की ही गुंतागुंत आणखी वाढते. तिथे ‘उपदेश’ म्हणजे व्यासपीठावरून दिलेले प्रवचन आणि ‘उपदेशक’ म्हणजे ते देणारा. पण त्याच परंपरेच्या पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरात दोन वेगळे शब्द आढळतात. यशयाच्या ग्रंथात येणाऱ्या राजाला इंग्रजी भाषांतरे ‘काउन्सेलर’ म्हणतात, तिथे मराठीत ‘मंत्री’ आहे. योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्याला काही इंग्रजी भाषांतरे पुन्हा ‘काउन्सेलर’च म्हणतात, तर मराठीत तिथे ‘कैवारी’ आहे. मूळ ग्रीक शब्द ‘पॅराक्लीटोस’. त्याचा धात्वर्थ, हाक मारून जवळ बोलावलेला. संकटात सापडलेल्याने आपली बाजू घेण्यासाठी ज्याला बोलावले तो.

ख्रिस्ती श्रद्धा आणि व्यावसायिक समुपदेशन यांनी हातात हात घालून काम करावे काय, आणि करावे तर कोणत्या अटींवर, या प्रश्नाचे आमचे उत्तर या दोन शब्दांच्या अंतरात आहे. दोघांनीही आर्ताच्या खोलीत शिरताना उपदेशकाची भूमिका बाहेर ठेवली आणि कैवाऱ्याची पत्करली, तर त्यांचे सहकार्य शक्य आहे. एवढेच नव्हे, तर आपल्याकडे ते आवश्यकही आहे. आणि कैवारी हाक मारल्यावर येतो, आपण होऊन घरात घुसत नाही, ही त्यातली मुख्य अट आहे.

हा प्रश्न टिटवाळ्यात बसून का विचारावा, असे कोणी म्हणेल. कल्याणनंतर शहाड आणि आंबिवली ओलांडली की येणारे हे गाव उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे ते गणपतीसाठी. येथील आख्यायिका अशी, की कण्व मुनींचा आश्रम याच परिसरात होता आणि दुष्यंताला विसर पडलेल्या शकुंतलेला त्यांनी गणेशाची आराधना करण्यास सांगितले. कालिदासाच्या नाटकात यातले काही नाही. तिथे दुर्वासाचा शाप आहे आणि हरवलेली मुद्रिका आहे. लोकांनी मात्र नाटकात नसलेला एक प्रसंग आपल्या गावात रचला. नवऱ्याने ओळख नाकारलेल्या मुलीने जावे कुठे, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर होते: देवाच्या दारी. आजही विवाह जुळावा, मोडू घातलेला संसार सावरावा, म्हणून माणसे येथे येतात. अंगारकीच्या रांगेत उभ्या असलेल्या कितीजणांच्या मनात काय चालले असेल, याची नोंद कोणत्याही दवाखान्यात नसते.

आपल्या समाजात मनाची व्यथा घेऊन माणूस सर्वप्रथम श्रद्धेच्या दारीच जातो, ही वस्तुस्थिती आहे. तो देऊळ, दर्गा, चर्च यांपैकी कुठे जातो हे त्याच्या जन्मावर अवलंबून. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी याच शहरात १९९० साली ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था सुरू केली. म्हणजे लोकलच्या एका प्रवासात व्यावसायिक मदत आहे. पण दाराशी पोहोचण्यापूर्वी जी वाट चालावी लागते, ती बहुधा एखाद्या धर्मस्थळावरून जाते. तेव्हा त्या धर्मस्थळातील माणूस काय म्हणतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. ख्रिस्ती परंपरेचा विचार येथे विशेष उपयोगी पडतो, कारण एकांतात ऐकून घेण्याची, गुप्तता पाळण्याची आणि मनाचा हिशेब प्रथमपुरुषी मांडण्याची रीत तिने संस्था म्हणून जोपासली. आणि तिच्या यशापयशाचे लिखित पुरावे मराठीत आहेत.

प्रथम शास्त्राकडेच पाहू. ईयोबाचा ग्रंथ साहित्याच्या विद्यार्थ्यांना नाट्यकाव्य म्हणून परिचित असतो. मुलेबाळे, संपत्ती, आरोग्य, सर्व गमावलेल्या ईयोबाकडे अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र येतात. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून कोणी एक शब्दही बोलत नाही. त्यानंतर ईयोब तोंड उघडतो, आणि मित्रांचेही उघडते. तुझ्या हातून काही पाप घडले असेल, त्याशिवाय हे भोग येत नाहीत, असे ते त्याला नाना परींनी समजावू लागतात. ग्रंथाच्या अखेरीस देवाचा रोष होतो तो या मित्रांवर. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांनाच देव चुकीचे ठरवतो! ज्या सात दिवसांत ते गप्प होते, तेवढेच दिवस ते खरे मित्र होते.

दुसरा प्रसंग राजांच्या पहिल्या ग्रंथातला. राणी ईजबेलीच्या धाकाने पळालेला एलीया रानात एका झुडपाखाली बसतो आणि आपल्याला मरण यावे, अशी देवापाशी याचना करतो. हा साधासुधा भाविक नव्हे. आदल्याच अध्यायात त्याच्या प्रार्थनेने आकाशातून अग्नी उतरला आहे. अशा माणसाला मरावेसे वाटते, हे शास्त्रकाराने दडवलेले नाही. देवदूत येतो, तो त्याला त्याच्या श्रद्धेविषयी प्रश्न विचारत नाही, की धीराचे व्याख्यान देत नाही. झोपू देतो, उठवून भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. पुढचा संवाद त्यानंतर, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर. खचलेल्या माणसाची झोप आणि अन्न आधी पाहावे, हे आजचा कोणताही मनोविकारतज्ज्ञ सांगेल.

म्हणजे ‘श्रद्धा असती तर तुला नैराश्य आले नसते’ हे जे वाक्य आजही अनेक प्रार्थनागटांतून ऐकू येते, त्याला शास्त्राचा आधार नाही. ते ईयोबाच्या मित्रांचे वाक्य आहे. दुःखाला पाप समजणे ही श्रद्धेच्या बाजूने होणारी सर्वांत मोठी गफलत.

आता मराठी पुरावा पाहू. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. आत्मचरित्र म्हणून, स्त्रीलेखन म्हणून, धर्मांतराचा दस्तऐवज म्हणून आपण ती शिकवतो. मनाच्या आजाराकडे आणि मनाच्या वाढीकडे पाहण्याचा एक नमुना म्हणूनही ती वाचता येतात. आरंभीच्या भागात लक्ष्मीबाईंनी आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे चित्र काढले आहे. सत्तावनच्या धामधुमीत एका जवळच्या आप्ताला फाशी झाली, आणि त्या घटनेनंतर या गृहस्थांच्या मनाने सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला, की मीठदेखील धुतल्याशिवाय घरात येऊ नये. सारे घर त्या ध्यासाखाली चेपले गेले. लक्ष्मीबाई हे सांगतात ते हसतहसत. पण त्या हसण्याआड एका घाबरलेल्या मनाची कथा आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तो धर्म दिसला. आतमध्ये जखम होती. त्या काळी त्याला ‘कर्मठ’ म्हणण्यापलीकडे शब्द नव्हता. आज असा मनुष्य समुपदेशकापुढे आला तर तो त्या धुण्यामागची भीती शोधील. आम्ही दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे निदान करू इच्छित नाही. धर्माचरणाच्या वेषात व्यथा वावरू शकते, एवढे त्यातून घ्यावे.

ख्रिस्ती परंपरेतही या वेषाची ओळख जुनी आहे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला १५२२ साली मनरेसा येथे राहत असताना, आपण सर्व पापांची कबुली नीट दिली की नाही या शंकेने इतके ग्रासले गेले, की पुन्हापुन्हा कबुली देऊनही समाधान होईना. आत्मघाताचे विचारही त्यांच्या मनात आले, हे त्यांच्या आत्मकथनात नोंदलेले आहे. पुढे ‘आध्यात्मिक साधना’ या १५४८ साली छापल्या गेलेल्या ग्रंथात त्यांनी अशा अतिशंकेसाठी वेगळे नियम दिले. पाप वेगळे आणि पाप घडल्याचा छळवादी भास वेगळा, हा भेद एका संताने स्वानुभवातून केला. त्याच ग्रंथात त्यांनी मार्गदर्शकालाही बजावले आहे, की साधकाला कोणत्याही बाजूकडे ढकलू नये, तराजूच्या काट्याप्रमाणे मध्यभागी राहावे. समुपदेशनशास्त्राच्या विसाव्या शतकातील पाठ्यपुस्तकांत हेच तत्त्व वेगळ्या परिभाषेत भेटते.

लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या कथेतही काट्याचे हे मध्यावर राहणे आहे. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचे जग कोसळले. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही त्यांचे सोवळे-ओवळे सुटले नव्हते आणि टिळकांनी ते बळाने सोडवले नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला, हा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या विचाराने काढला आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. टिळक स्वभावाने उतावळे होते, हे ‘स्मृतिचित्रे’चे वाचक जाणतात, पण या एका बाबतीत त्यांनी जी वाट पाहिली, तिच्यातून एक स्वतंत्र स्त्री आणि मराठीतील एक थोर ग्रंथ उभा राहिला.

वाट पाहण्याच्या या प्रश्नाला एक सार्वजनिक इतिहासही आहे, आणि तो अप्रिय आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ काढले; १८९० साली ते पुण्यास हलवले. विधवांना आणि निराधार मुलींना आसरा, शिक्षण आणि स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची शक्ती देणारी ही संस्था. रमाबाई ख्रिस्ती झाल्या होत्या, पण सदनात धर्मशिक्षण देणार नाही असे ठरले होते. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेच्या वेळी स्वेच्छेने येऊन बसू लागल्या आणि पुण्यात वादळ उठले. १८९३ साली न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले, पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात दोन्ही पक्षांना काही म्हणायचे होते. रमाबाईंचे म्हणणे असे, की माझ्या खोलीचे दार मी मुद्दाम बंद का करावे? सल्लागारांचे म्हणणे असे, की जिच्या अन्नवस्त्राची सोय तुमच्या हाती आहे, तिची स्वेच्छा कितपत स्वेच्छा? शतकापेक्षा अधिक काळ लोटला, तरी श्रद्धा आणि समुपदेशन यांच्या सहकार्यातील खरा पेच हाच आहे. खचलेला माणूस ज्याच्यापुढे बसतो, त्याच्या हाती सत्ता येते, मग तो फादर असो, पाळक असो, की पदवीधर समुपदेशक. त्या क्षणी दिलेला धर्म आणि त्या क्षणी काढून घेतलेला धर्म, दोन्ही सारखेच बळजबरीचे. मदतीच्या आडून धर्मांतर होते की काय, ही शंका महाराष्ट्रात आजही तीव्र आहे, आणि ती केवळ द्वेषातून येते असे म्हणून झटकता येणार नाही. तिला उत्तर एकच: प्रार्थनेची मागणी आर्ताकडून यावी. ती आली तर ती नाकारू नये. आली नसेल तर सुचवूही नये.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. मानसशास्त्राने श्रद्धेकडे कसे पाहिले? फ्रॉइड यांनी १९२७ साली धर्माला भ्रम ठरवणारे पुस्तक लिहिले, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच फ्रॉइड यांची ऑस्कर फिस्टर या झुरिकच्या प्रोटेस्टंट पाळकाशी १९०९ पासून मैत्री होती. फिस्टर मनोविश्लेषण करीत आणि रविवारी उपासनाही चालवीत. फ्रॉइड यांच्या पुस्तकाला त्यांनी १९२८ साली लेख लिहून उत्तर दिले. मैत्री मात्र शेवटपर्यंत टिकली. विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीचे प्रणेते अल्बर्ट एलिस हे निरीश्वरवादी. कर्मठ धार्मिकता आणि भावनिक विकार यांचे नाते घट्ट आहे, असे त्यांनी १९८० साली आवेशाने मांडले. पुढे त्यांचे मत मवाळ झाले आणि २००१ साली दोन सहकाऱ्यांसह त्यांनी धार्मिक व्यक्तींच्या समुपदेशनावर ग्रंथच लिहिला. श्रद्धावानाची श्रद्धा न मोडता, तिच्यातलीच क्षमेची आणि स्वीकाराची तत्त्वे त्याच्या मदतीस आणता येतात, हा त्याचा आशय.

अमेरिकेतील अँटन बॉयसन यांचे उदाहरण साहित्याच्या माणसाला अधिक जवळचे वाटेल. हे पाळक स्वतः तीव्र मनोविकाराने रुग्णालयात राहिले होते. बरे झाल्यावर १९२४ साली ते वूस्टर येथील मनोरुग्णालयात धर्मसेवक म्हणून रुजू झाले आणि पुढच्याच वर्षी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांनी तिथे प्रशिक्षणासाठी बोलावले. त्यांची भूमिका अशी, की ज्या काळजीने आपण ग्रंथ वाचतो, त्याच काळजीने दुःखी माणूस वाचावा. तो जिवंत दस्तऐवज आहे. संहितेवर आपला अर्थ लादू नये, तिला तिच्या संदर्भात वाचावे, हे आपण पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवतो. माणसाच्या बाबतीत ते आपल्याला आठवतेच असे नाही.

महाराष्ट्रात या दोन प्रवाहांचा संगम घडवण्याचा सर्वांत ठळक प्रयत्न फादर अँथनी डिमेलो यांचा. मुंबईत १९३१ साली जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू पुण्यात धर्मशास्त्र आणि शिकागोत मानसशास्त्र शिकले. १९७२ साली त्यांनी पुण्यात धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींना समुपदेशन शिकवणारी संस्था काढली. ‘साधना’ या नावाने ती पुढे लोणावळ्यात स्थिरावली. नावच पाहावे: शब्द आपल्या मातीतला, रचना इग्नेशियसची, तंत्र आधुनिक मानसशास्त्राचे. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘साधना’ या पुस्तकात ख्रिस्ती चिंतनाला पौर्वात्य ध्यानपद्धतींचे रूप दिलेले आहे. शरीराची संवेदना, श्वास, स्मृती, कल्पना यांच्या वाटेने ते वाचकाला प्रार्थनेकडे नेतात. या प्रयोगाला किंमतही मोजावी लागली. डिमेलो १९८७ साली गेले. १९९८ साली व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्तविषयक मंडळाने त्यांच्या लेखनातील काही मते कॅथलिक श्रद्धेशी विसंगत असल्याची सूचना काढली.

या सूचनेकडे आम्ही संस्थेची दडपशाही एवढ्याच दृष्टीने पाहत नाही. दोन विद्या खरोखर जवळ आल्या की त्यांच्या सीमा एकमेकींना घासणारच. मनःशांती हे धर्माचे साध्य आहे काय? धर्म म्हणेल, नाही. सत्य हे साध्य आहे, शांती मिळाली तर मिळाली. समुपदेशक म्हणेल, माझ्यापुढचा माणूस आज रात्री झोपला पाहिजे. दोघांचेही बरोबर आहे. सहकार्य म्हणजे हे प्रश्न एक करणे नव्हे. श्रद्धेला निव्वळ ताण घालवण्याचे औषध मानले तर ती क्षुद्र होते, आणि समुपदेशनाला प्रवचनाची पूर्वतयारी मानले तर ते कपट होते.

मग सहकार्याने प्रत्यक्षात काय साधते? आत्महत्येचे उदाहरण घेऊ. १९१७ च्या कॅथलिक धर्मसंहितेनुसार, जाणूनबुजून आत्मघात केलेल्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाई. १९८३ च्या संहितेतून ती तरतूद गेली, आणि १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने स्पष्ट म्हटले, की गंभीर मानसिक व्यथेमुळे अशा माणसाची जबाबदारी कमी होते आणि त्याच्या तारणाविषयी निराश होऊ नये. मानसशास्त्राने जे दाखवले ते येथे धर्माने ऐकले. आपल्याकडे भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, असा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली आहे असे गृहीत धरून, त्याला शिक्षेऐवजी उपचाराचा अधिकार दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने सर्वसाधारण कलम उरले नाही. धर्म आणि कायदा दोघेही एकाच दिशेने सरकले, आणि त्यामुळे मागे राहिलेल्या कुटुंबाच्या डोक्यावरचा कलंक थोडा तरी उतरला. पाळकाने प्रेतसंस्काराच्या वेळी उच्चारलेले एक वाक्य त्या घरात वर्षानुवर्षे राहते. ते वाक्य ज्ञानातून आलेले असावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

सीमारेषाही तितक्याच स्पष्ट हव्यात. कबुलीची गुप्तता कॅथलिक धर्मगुरूसाठी निरपवाद आहे. समुपदेशकाची तशी नाही. रुग्णाच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर ती काही अंशी सैल होते. आणि मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार कळवणे बंधनकारक असते. म्हणून एकच व्यक्ती धर्मगुरू आणि समुपदेशक अशी दोन्ही असली, तर आपण या क्षणी कोणत्या खुर्चीत बसलो आहोत हे तिने आधी सांगितले पाहिजे. कबुलीत पापाची क्षमा मागितली जाते. समुपदेशनात बहुधा अशा गोष्टी बोलल्या जातात ज्या पाप नाहीतच. मार खाणारी पत्नी कबुलीत ‘मला पतीचा राग येतो’ असे सांगते, तेव्हा तिला क्षमा देऊन घरी पाठवणे पुरेसे नाही. तिचा राग हा तिचा अपराध नाही, असे सांगणारे आणि तिला सुरक्षित जागी पोहोचवणारे कोणीतरी हवे. औषधांची गरज असेल तर प्रार्थनेने ती भागेल असे म्हणणे, हे तर जिवाशी खेळणे होय. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका निवाऱ्याला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण दगावले. तो इशारा कोणा एका धर्मासाठी नव्हता.

विवेकवादी मित्र येथे विचारतील, की मग श्रद्धेला या खोलीत जागा तरी कशाला? समुपदेशनापाशी पद्धत आहे, प्रशिक्षण आहे. श्रद्धेपाशी काय आहे? आमचे उत्तर असे, की समुपदेशनाची वेळ ठरलेली असते, त्याचे शुल्कही ठरलेले असते. तासाभराने तो माणूस उठून पुन्हा आपल्या चाळीत, आपल्या लोकलच्या गर्दीत परततो. उरलेल्या वेळी त्याच्यासोबत कोण? मंडळी म्हणून एकत्र येणारी माणसे, आजाऱ्याच्या घरी डबा पोहोचवणाऱ्या बायका, मृताच्या घरी नवव्या आणि तिसाव्या दिवशी पुन्हा येणारे शेजारी, हे श्रद्धेचे भांडवल आहे. शिवाय मृत्यू, अपराध, क्षमा यांविषयी माणूस जे प्रश्न विचारतो, त्यांतले काही मानसशास्त्राचे नाहीतच. त्यांना विकाराची लक्षणे समजणे, ही समुपदेशनाच्या बाजूने होणारी गफलत. मुलगा गमावलेली आई ‘तो कुठे असेल?’ असे विचारते तेव्हा तिला उपचारपद्धती नको असते.

श्रद्धावान मित्रांचा आक्षेप उलट आहे: समुपदेशन ही पाश्चात्त्य, निरीश्वर विद्या, ती मंडळीत आणली की देवाची जागा मानसशास्त्र घेईल. त्यांना आम्ही एलीयाच्या भाकरीकडे पुन्हा पाहण्यास सांगू. ती निखाऱ्यांवर भाजलेली साधी भाकर होती. तिने देवाची जागा घेतली नाही. तिने एलीयाला पुढे चालण्याइतके बळ दिले.

साहित्य शिकवणाऱ्यांना या साऱ्यात एक काम आहे असे आम्हांला वाटते. आपल्या वर्गातील मुलामुलींकडे व्यथा पुष्कळ आहेत. त्या सांगण्यासाठी शब्द थोडे आहेत. ‘डिप्रेशन आलंय’ किंवा ‘टेन्शन आहे’ यांपलीकडे त्यांची भाषा जात नाही, आणि घरात तर तेवढेही बोलता येत नाही. समुपदेशक मराठीत काम करतो तेव्हा त्याला हीच अडचण येते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा शास्त्राची भाषा बोलीच्या जवळ आल्याचे कौतुक झाले. मनाच्या व्यथेची भाषा तशीच जवळ आणण्याचे काम बाकी आहे. ते कोशात बसून होणार नाही. ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना वडिलांच्या सोवळ्यापाशी पाच मिनिटे थांबले, ईयोब शिकवताना त्या सात दिवसांच्या मौनाविषयी विद्यार्थ्यांना विचारले, तरी ते सुरू होईल. आणि तासानंतर एखादा विद्यार्थी घुटमळत मागे राहिला, तर आपण उपदेशक होऊ नये. ऐकावे, आणि आपली मर्यादा ओळखून त्याला योग्य माणसापर्यंत न्यावे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक अध्यापकाला पाठ असावा. तिथे मराठीतही बोलता येते.

‘समुपदेशन’ हा शब्द आता बदलणार नाही; शब्द रुळले की व्युत्पत्तीचे ऐकत नाहीत. पण मराठी भाषांतरकारांनी ‘कैवारी’ हा शब्द निवडला, तेव्हा त्यांनी एका भूमिकेचेही नाव ठेवले. फादर, पाळक, समुपदेशक, अध्यापक, कोणीही ती घ्यावी. बाजू मात्र आर्ताची घ्यायची आहे. धर्माची किंवा शास्त्राची नंतर पाहता येईल.